रामहरी वायरमनचा अंधार

माझे साडू रामहरी यांनी उभ्या आयुष्यात गावाला उजेड दिला आणि निवृत्त झाल्यावर गावाकडं अंधार मागितला. दोन्ही वेळा त्यांनी बोलणी खाल्ली. पहिल्यांदा तोंडावर, दुसऱ्यांदा पाठीमागं. पाठीमागच्यात थोडी माझीही भर होती, कारण साडूला नावं ठेवण्याचा हक्क लग्नातच पदरात पडतो आणि तो वापरला नाही तर वाया जातो.

रामहरी मुरुमजवळच्या शिंदोळवाडीचे. वीज कंपनीत वायरमन होते, म्हणजे गावाच्या लेखी कंपनी, सरकार, धरण आणि कोळशाची खाण सगळं तेच. लाईट गेली की लोक त्यांना भरल्या ताटावरून उठवायचे. लाईट आली की ‘आली बरं का’ एवढं सांगायलाही कुणी यायचं नाही. त्यांची बायको सिताबाई ही माझ्या बायकोची थोरली बहीण. ती म्हणायची, ‘आमच्या घरात जेवायला बसलं की पयलं दाराकडं बघायचं, मग ताटाकडं.’ रामहरी मात्र कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. पक्कड पिशवीत टाकायची आणि चालू लागायचं.

निवृत्तीचे पैसे हातात आले की माणूस प्लॉट घेतो, नाहीतर नातवाला मोटारसायकल. यांनी पुण्याच्या एका गृहस्थाची वापरलेली दुर्बीण आणली. मला कळलं तेव्हा मी नळदुर्गच्या स्टँडजवळच्या माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसलो होतो. बायकोला म्हटलं, ‘तुझ्या दाजींना जमिनीवरची काही चौकशी उरली नाही वाटतं.’

पण त्या खुळाला मूळ होतं. फॉल्ट काढायला खांबावर चढलं की खाली गाव काळंकुट्ट आणि वर सगळं आभाळ उघडं. हिवाळ्यात जवळजवळ डोक्यावर त्यांना एक पुसट डाग दिसायचा. चष्म्यावरचा असेल म्हणून त्यांनी चष्मा पुसला, डाग राहिलाच. मोतीबिंदू उतरला असेल म्हणून सोलापूरला जाऊन डोळे तपासले, डोळे ठणठणीत. मग मुरुमच्या वीरभद्रनं मोबाईलवर शोधून सांगितलं की ही देवयानी. आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक दीर्घिका, कैक अब्ज सूर्य पीळ घालून एकमेकांभोवती फिरतायत, आणि तिचा उजेड तिथून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय. वीरभद्र लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळं नावगाव शोधून काढण्यात तो पटाईत. सिताबाईनं देवयानीविषयी एकच विचारलं, ‘हिचं माहेर कुठलं म्हणायचं?’

‘साडूभाऊ,’ रामहरी मला म्हणाले, ‘तीस वर्सं तारंला पीळ घालत आलो. आभाळातबी कुणीतरी त्योच उद्योग करायलंय. एकदा तिचा पीळ बघायचाय मला. पुरा, दोन्ही अंगानं.’

मी हसलो नाही, कारण इतक्या गंभीरपणे त्यांना आजवर फक्त अर्थिंगविषयी बोलताना मी ऐकलं होतं.

अडचण अशी की नुसत्या डोळ्यानं, अगदी दुर्बिणीतूनही, तो डागच दिसतो. पीळ बघायचा तर फोटो काढावा लागतो. दुर्बीण एका मोटारीवर बसते आणि आभाळाच्या चालीनं हळूहळू सरकते. मोटार चालते ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. वीरभद्रचा जुना कॅमेरा मागं जोडायचा, त्याचा डोळा दोन-दोन मिनिटं उघडा ठेवायचा आणि असे ढीगभर फोटो काढायचे. मग कॉम्प्युटरवर त्यांची चवड रचायची, भाकरीवर भाकरी ठेवतात तशी. एकेका फोटोत काही नसतं. चवड उंच झाली की चित्र उमटायला लागतं. या सगळ्याला मुख्य लागतो तो अंधार, आणि तो शिंदोळवाडीत उरला नव्हता. खांबाखांबावर दिवा होता, आणि सगळे दिवे रामहरींनीच लावलेले.

मी नळदुर्गला या म्हणालो. ते एक संध्याकाळ माझ्या गच्चीवर येऊन गेले. हायवेवरच्या ढाब्यांचा झगमगाट आणि ट्रकांचे लाईट बघून म्हणाले, ‘इथं तर चंद्रबी शोधावा लागंल.’ येरमाळ्याच्या डोंगराची गोष्ट निघाली, पण खांबावर चढूनचढून गुडघे गेलेले, दुर्बिणीची पेटी दोघांनी उचलायची, आणि तिथंही देवीच्या दिव्यांची आरास असतेच. राहता राहिलं त्यांचं स्वतःचं शेत, ओढ्यापलीकडं, गावाच्या अगदी कानाशी. त्यांनी तिथं सिमेंटचा चौथरा बांधला आणि गावाकडं अंधार मागायला निघाले.

गावाचा तरुण पुढारी इंद्रजित. ग्रामपंचायतीत आहे आणि फ्लेक्सवर त्याहून जास्त आहे. तो म्हणाला, ‘तात्या, तुमी लाईटचं माणूस आन् तुमीच लाईट घालवा म्हणायलाव?’

‘घालवू नका. दोन घंटे झाका. फकस्त आवसंला.’

‘लोकं म्हणतील, इंद्रजितच्या काळात गाव अंधारात गेलं.’

मारुतीच्या पारावर बैठक बसली. कुणी चोरांचं काढलं, कुणी सापाचं, एकानं टीव्हीवरच्या मालिकेचं काढलं आणि खरा विरोध तिथंच होता. बैठक मोडली असती, पण सारजाबाई उठल्या. ओढ्याच्या वळणावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई. गावात त्यांच्या वयाचा एक वड तेवढा होता, तोही मागच्या वर्षी पडला.

‘रामहरीनं आजपत्तुर कुणाला काय मागितलंय का?’ सारजाबाई म्हणाल्या. ‘मुसळधार पावसात खांबावर चढायचा, तवा च्या तरी मागितला का? आज पयल्यांदा तोंड उघडलंय, ते बी फुकटची वस्तू मागायलाय. द्या की.’

अंधार फुकट असतो हे गावाच्या लक्षात आल्यावर एकमत झालं. मुहूर्त ठरला येळवसेचा.

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, मडक्यातलं आंबिल पिकावर शिंपडत ‘ओलगे ओलगे’ म्हणून ओरडायचं, आणि भज्जी, उंडे, खीर खाऊन कोपीच्या सावलीला आडवं व्हायचं. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांचं आवतण असतं. मी दरवर्षी साडूंच्या शेतात जातो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडतो.

त्या दिवशी रामहरींचं जेवणात लक्ष नव्हतं. सिताबाईनं वाढलेली भज्जी तशीच ठेवून ते चौथऱ्याभोवती फिरत होते. दिवस मावळला, आभाळ काळं झालं, आणि ठरल्याप्रमाणं गावातल्या दिव्यांची कळ खाली पडली. शब्दाला गाव जागलं होतं. देवयानी डोक्यावर आली होती. त्यांनी कॅमेरा सुरू केला आणि माझ्याकडं बघून तोंडावर बोट ठेवलं, जणू माझ्या बोलण्यानं आभाळ हललं असतं.

चारपाच फोटो झाले असतील तोच पूर्वेच्या शेतातून एक आग निघाली. मग दुसरी. मग उत्तरेकडून तीन. येळवसेच्या सांजेला गवताच्या पेंढीची मशाल पेटवून शेतातून फिरवतात, तिला हेंडगा म्हणतात. हेंडगे फिरतात आणि आपापल्या बांधावर विझतात, हे गृहीत धरलं होतं. हे मात्र विझेनात. ते सगळे आमच्याकडं यायला लागले. मागून दोन ट्रॅक्टर, हेडलाईट लावून.

सगळ्यांच्या पुढं सारजाबाई. डोक्यावर आंबिलाचं मडकं, शेजारी चालणाऱ्याच्या हातात धडाडून पेटलेला हेंडगा. आल्या आल्या म्हणाल्या, ‘आवसंच्या अंधारात माणसाला येकटं बसू द्यावं का? म्हणलं चला, सोबत करावं. बस बाबा, तुझं चालू दे.’

गावानं अंधार दिला होता, आणि दिलेल्या अंधारात रामहरी घाबरू नयेत म्हणून उजेड घेऊन गाव आलं होतं. दुर्बिणीवर हेंडग्याचा तांबडा उजेड नाचत होता. कॅमेरा इमानदारीत तो टिपत होता.

रामहरींचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. ‘तुमाला कळतंय का काय करायलाव? एक सांज मागितली व्हती म्या! एकच!’

ट्रॅक्टर तेवढे घुरघुरत होते. मला साडूंची दया आली आणि गावाचा रागही आला.

सारजाबाईंनी मडकं खाली ठेवलं. ‘चुकलं असंल रामहरी. आमाला काय कळतंय. तू काय बघायलास ते दाव तरी.’

रामहरींनी कॅमेरा काढून बघायचं भिंग लावलं. सारजाबाईंनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘धूर हाय की रं.’ मग रांग लागली. एकाला ढग दिसला, एकाला काहीच दिसलं नाही, एक म्हणाला की त्याच्या चुलीचा धूर याहून दाट असतो. इंद्रजितनं डोळा लावल्याचा फोटो काढून घेतला, मग डोळा लावला.

‘उजेड आसला की तिचा धूर व्हतो,’ रामहरी आता हळू आवाजात सांगत होते. ‘अंधार मिळाला तर पीळ दिसंल. लांबून येती ती, लई थकून येती. हेंडग्यापुढं तिचं काय चालतंय?’

सारजाबाईंनी शेजारच्याच्या हातातला हेंडगा घेतला आणि काळ्या रानात उलटा दाबला. ‘इझवा रे समदे. आन् ट्रॅक्टरबी.’

मग उभं गाव अंधारात मातीवर बसून राहिलं. लहान पोरं आईच्या मांडीवर झोपली. एका म्हाताऱ्याला खोकला आला तर त्यानं तोंडात पटका कोंबला. मी आजवर या गावाला पुष्कळ हसलो आहे, पण ते दोन तास मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वीरभद्रनं चवड रचली. हौसेनं रचली. नवरीचा चेहरा उजळतात तसा त्यानं मधला भाग उजळला आणि आजूबाजूचे बारीक डाग पुसून टाकले. रामहरी म्हणाले, ‘वीरभद्रा, डाग न्हाईत ते, तारे हाईत. एकेक आपल्या सूर्याएवढा.’ वीरभद्रनं जीभ चावली आणि पुसलेले सूर्य परत आणले. तेव्हा ते दिसलं. मधे पिवळसर गाभा, आणि खालच्या अंगानं एक काळी रेघ वळण घेत गेलेली. पिळाची एक बाजू. वरची बाजू नुसतीच राखेसारखी पुसट होती. तिला अजून अंधार हवा होता, पौषातल्या अमावस्येचा, माघातल्या, आणि बहुधा पुढच्या हिवाळ्याचाही. रामहरींनी तो अर्धा फोटो माझ्या दुकानात आणून दाखवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

पौषातल्या अमावस्येला गावानं पुन्हा अंधार दिला. या वेळी सोबतीला कुणी आलं नाही. फोटो चांगले निघाले, वरच्या बाजूला वळणाची चाहूल लागली, असं रामहरींनी फोनवर सांगितलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत मला सत्काराचं आवतण आलं. जाऊन बघतो तर मारुतीसमोर भला मोठा फ्लेक्स. ‘गावचे भूषण.’ वर सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे, खाली कोपऱ्यात रामहरी, आणि देवयानी बरोबर इंद्रजितच्या डोक्यामागं, देवाला प्रभावळ असते तशी. आणि सत्काराची भेट? हायमास्ट दिवा. उंच खांब, वर चारी दिशांना दिवे, रामहरींच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर. ‘तात्यांना रात्रीच्या संशोधनात गैरसोय होऊ नये म्हणून’ असं फ्लेक्सवरच लिहिलेलं. कळ दाबायचा मान अर्थातच सत्कारमूर्तींचा.

माझं डोकं फिरलं. हा हायमास्ट मंजूर होऊन वर्षभर पडून होता, कारण तो मारुतीसमोर लावायचा की इंद्रजितच्या गल्लीच्या तोंडाशी यावर गावाचं जमत नव्हतं. तिसरी जागा यांना सुचली ती ही. मी वीरभद्रला बाजूला ओढलं. ‘ह्या येड्यांना कुणी सांगितलं नाही का? दुर्बिणीच्या उरावर दिवा लावतात का? त्या दिवशी अंधारात बसली होती ती हीच माणसं ना?’

वीरभद्रनं इकडंतिकडं बघितलं. ‘समद्यांना ठाव हाय, काका. पौषाच्या आवसंला सारजाआजी ओढ्याच्या वळणावर पडल्या. अंधारात धोंडा दिसला न्हाय. हात मोडला. गावाला त्यांनीच शपथ घातली, रामहरीला सांगू नका म्हणून. कळलं की त्यो मशीन बंद करंल म्हणल्या. उंबऱ्याला अडखळून पडले असं सांगायलात त्या.’

‘मग?’

‘मग वळणावर दिवा तर पायजेच ना. पर तात्याला दिलेला अंधार माघारी कसा मागायचा? त्यांनी जन्मात एकच गोष्ट मागितली. म्हणून इंद्रजितनं हे सत्काराचं काढलं. तात्याला आनंद हुईल आन् कुणाला तोंड उघडून सांगायची येळ येणार न्हाय.’

म्हणजे गाव वेडं नव्हतं. गावानं वेड पांघरलं होतं. मी ज्यांना नावं ठेवत आलो त्यांनी माझ्यापेक्षा बराच खोल विचार केला होता, आणि त्या विचाराचं फळ म्हणून माझ्या साडूंच्या स्वप्नावर चार दिशांना चार दिवे लागणार होते. कुणावर चिडावं तेच मला कळेना.

रामहरी फेटा बांधून एका बाजूला उभे होते. मी त्यांच्याजवळ गेलो. बोलावं की नको या घोळात असतानाच ते म्हणाले, ‘साडूभाऊ, खांबाची जागा बघितली?’

‘तुमच्या शेताजवळ आहे.’

‘शेताजवळ न्हाय. वळणाजवळ हाय. सत्काराचा खांब कुणी ओढ्यात रोवतंय का? म्या जन्मभर खांबच रोवले. खांब कुणासाठी हाय ते त्याच्या जागंवरून कळतंय.’ त्यांनी फेटा सारखा केला. ‘आन् सारजाकाकूच्या घराची फिटिंग म्या केलीय. त्या घराला उंबराच न्हाय.’

‘मग तुम्ही बोला की! लोक ऐकतील. त्या दिवशी ऐकलं होतं.’

‘ऐकतील. म्हणून तर बोलायचं न्हाय.’

नाव पुकारलं गेलं. भाषणं झाली. एका वक्त्यानं रामहरींना चंद्रावर नेलं, दुसऱ्यानं मंगळावर. मग सगळे मिरवत ओढ्याच्या वळणावर गेले. दिवस मावळून अंधार पडला होता आणि शेतावर देवयानी अजून दिसत होती, पश्चिमेला थोडी उतरलेली. रामहरींनी वर एकदा बघितलं, बराच वेळ. मग पेटीचं झाकण उघडून वायर नीट बसल्यात का ते बोटानं चाचपलं आणि कळ दाबली.

ओढा, वळण, तो धोंडा, शेत, चौथरा, सगळं पांढरं फटफटीत झालं. टाळ्या वाजल्या. फटाके वाजले. वर आता नुसता एक काळपट पडदा होता.

गर्दीतून सारजाबाई पुढं आल्या, गळ्यात हात अडकवलेला. त्यांनी आधी दिव्याकडं बघितलं, मग रामहरींच्या तोंडाकडं. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘रामहरी, मला ह्या पोरांचं काय खरं वाटत न्हाय. तुझ्या त्या फोटोला अंधार लागतोय ना रं? आता तुझं कसं?’

‘काकू, तुमी बी का,’ रामहरी म्हणाले. ‘फोटो तर कवाच झाला. पौषाच्या आवसंलाच पुरा झाला. दोन्ही बाजूनं पीळ आलाय. आता काय अंधार लागत न्हाय.’

‘देवाशपथ?’

‘देवाशपथ. तुमचा हात कसा हाय?’

‘मेला त्यो उंबरा,’ सारजाबाई म्हणाल्या. ‘बरा हाय.’

मग त्या वळणावरून आपल्या घराकडं निघाल्या. धोंड्याला वळसा घालून, भरभर, कुणाचा हात न धरता. रामहरी त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत उभे राहिले, आणि त्या बराच वेळ दिसत राहिल्या.